डायहार्डर दर वेळी वेगळीच चाचणी 'वीक' दाखवतो: दोष जनरेटरचा की चाचणीचा?

लक्षण ओळखीचं आहे. लायब्ररीतल्या रँडम नंबर जनरेटरचा आउटपुट डायहार्डरला, म्हणजे आकडे खरंच रँडम दिसतात का ते तपासणाऱ्या चाचण्यांच्या संचाला, दिला. शंभराहून जास्त ओळींचा निकाल आला, जवळपास सगळीकडे 'पास्ड', एका ठिकाणी 'वीक', म्हणजे संशयास्पद. पुन्हा चालवलं तर ती चाचणी पास आणि भलतीच कुठली तरी वीक. तिसऱ्यांदा एखादी थेट 'फेल्ड'. आता लायब्ररी बदलायची, बग नोंदवायचा की सोडून द्यायचं? या प्रश्नाला 'वीककडे लक्ष देऊ नका' एवढंच उत्तर बहुतेक वेळा मिळतं. पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण काही वेळा त्याच उत्तराखाली खरा दोष वर्षानुवर्षं दडून राहतो, म्हणून हे जरा मुळापासून बघू.

प्रत्येक चाचणी एक पी-व्हॅल्यू देते: आकडे खरोखर रँडम असते तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता. निर्दोष जनरेटरची पी-व्हॅल्यू ० ते १ यांच्यामध्ये कुठेही सारख्याच शक्यतेने पडते. ०.५ ला जवळ असली म्हणजे चांगली, असं काही नसतं. डायहार्डर ०.००५ च्या खाली किंवा ०.९९५ च्या वर गेलेल्या निकालाला वीक म्हणतो. दोन्ही टोकांचे पट्टे मिळून एक टक्का होतात. म्हणजे दर शंभर निकालांत सरासरी एक वीक यायलाच हवा, आणि शंभरांत किमान एक वीक दिसण्याची शक्यता ढोबळमानाने ६३ टक्के आहे. सलग दहा वेळा पूर्ण संच चालवून एकही वीक आला नाही, तर मी आधी त्या जनरेटरकडे संशयाने बघेन.

खरा दोष आणि योगायोग वेगळे करायचा उपाय सोपा आहे. वीक आलेली चाचणी एकटीच घ्या, सीड (जनरेटर ज्या आकड्यापासून सुरू होतो तो) बदला आणि नमुने वाढवा. दोष खरा असेल तर नमुने वाढतील तशी पी-व्हॅल्यू शून्याकडे कोसळत जाते. योगायोग असेल तर ती पुन्हा मधे कुठेतरी येऊन बसते. डायहार्डरमध्ये 'मायनस वाय १' हा पर्याय नेमकं हेच करतो, निकाल स्पष्ट होईपर्यंत स्वतःच नमुने वाढवत राहतो. पास येईपर्यंत तीच चाचणी चालवायची आणि तेवढाच निकाल अहवालात लावायचा, ही पद्धत मात्र सोडा. त्याने चाचणीला काही अर्थच उरत नाही.

आणखी एक गोष्ट चटकन नजरेत येत नाही. डायहार्डरमधल्या सगळ्या चाचण्या सारख्या विश्वासाच्या नाहीत, आणि हे तो स्वतःच सांगतो. चाचण्यांची यादी छापायला सांगितली की ओपीएसओ, ओक्यूएसओ आणि डीएनए यांच्यापुढे 'सस्पेक्ट' लिहिलेलं दिसतं, आणि सम्स चाचणीपुढे 'डू नॉट यूज'. जॉर्ज मार्सेग्लिया यांच्या १९९५ च्या डायहार्ड संचातून त्या आल्या आहेत. केवळ त्यांच्या निकालावरून कुठल्या लायब्ररीला नावं ठेवू नका.

चाचणीच्या तोंडात काय जातंय ते आधी बघा

'फेल्ड' आलेल्या बऱ्याच तक्रारींत जनरेटर बिचारा ठीक असतो. वाटेत कुठेतरी त्याचे आकडे बिघडलेले असतात. म्हणून लायब्ररीचं सोर्स उघडण्याआधी नियंत्रण चाचणी करा: त्याच प्रोग्रॅममधून, त्याच पाइपमधून, आधी ऑपरेटिंग सिस्टीमचे रँडम बाइट पाठवा (लिनक्सवर डेव्ह-यूरँडम). ते जर फेल झाले, तर जनरेटरचा काही संबंध नाही, नळीच गळते आहे. मग उलट्या बाजूने खात्री करा: मुद्दाम एक बदनाम जनरेटर त्याच वाटेने पाठवा आणि तो पकडला जातो का बघा. जो संच वाइटाला पकडत नाही, त्याने दिलेल्या 'पास'ला किंमत नाही. या दोन चाचण्यांनी निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

नळी कुठे गळते याची काही ठरलेली ठिकाणं आहेत.

सगळ्यात जास्त दिसणारं म्हणजे अपुरी फाइल. लोक १०० एमबीची फाइल बनवतात आणि डायहार्डरचा पूर्ण संच तिच्यावर सोडतात. संचाला कित्येक जीबी लागतात. फाइल संपली की तो ती पहिल्यापासून पुन्हा वाचतो आणि निकालात 'रिवाउंड' असं लिहून अमुक वेळा मागे गेल्याची नोंदही करतो. ती ओळ कोणी वाचत नाही. तेच ते आकडे पुन्हा पुन्हा मोजल्यावर जगातला कुठलाही जनरेटर फेल होईल. उपाय: फाइल बनवूच नका. जनरेटरचे कच्चे बाइट पाइपने थेट द्या. डायहार्डरमध्ये त्यासाठी जनरेटर क्रमांक २०० आहे. क्रमांक २०१ कच्च्या फाइलसाठी आणि २०२ मजकूर स्वरूपातल्या आकड्यांच्या फाइलसाठी. २०१ आणि २०२ मध्ये गल्लत झाली तरी निकाल भयंकर येतो.

दुसरं ठिकाण म्हणजे बिटांची संख्या. लिनक्सवरच्या ग्लिब-सीमधलं रँड फंक्शन ३१ बिट देतं, कमाल आकडा २१४७४८३६४७. मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीतलं फक्त १५ बिट, कमाल ३२७६७. हे आकडे ३२ बिटांच्या चौकटीत भरून पाठवले की वरचे बिट कायम शून्य, आणि जवळजवळ सगळ्या चाचण्या पडतात. प्रत्येक आकड्यातून खरे असलेले बिटच उचला, सलग जोडा, आणि मग बाइट बनवा. चाचणीला किती बिट हवेत आणि आपण किती देतो, हे कागदावर लिहून ताडून बघावं इतकी ही चूक सर्रास होते.

तिसरं विंडोजवर. फाइल किंवा आउटपुट टेक्स्ट मोडमध्ये उघडलं असेल तर प्रत्येक १० या बाइटच्या आधी १३ हा बाइट आपोआप घुसतो. ओळखायची खूण पक्की आहे: २५६ बाइटांची वारंवारता मोजा, १३ हा बाइट इतरांपेक्षा बरोबर दुप्पट आलेला दिसेल. आउटपुट बायनरी मोडला टाकलं की प्रश्न संपतो. जुन्या पॉवरशेलचा पाइपही बाइटांना मजकूर समजून बदलून टाकतो, तिथे साधी कमांड प्रॉम्प्ट वापरा. जावा किंवा पायथनमध्ये बाइट स्ट्रिंग म्हणून लिहिले आणि यूटीएफ-८ मध्ये गेले, तर १२७ च्या पुढचा प्रत्येक आकडा दोन बाइटांचा होतो. निदान तेच: बाइटांची वारंवारता.

आणि लूपच्या आत सीड. दर फेरीला घड्याळातल्या सेकंदांवरून सीड देणारा कोड अजूनही दिसतो. तो सेकंदभर एकच आकडा ओकत बसतो. सीड प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच.

नळी ठीक आहे, तरीही फेल

आता जनरेटरकडे वळू. इथे सगळ्यात आधी घरच्या घरी होणारी एक चाचणी करा, तिला कुठलाही संच लागत नाही. दहा लाख ३२-बिट आकडे घ्या, क्रमाने लावा आणि किती आकडे दोनदा आले ते मोजा. खऱ्या रँडम आकड्यांत सुमारे ११६ पुनरावृत्ती निघायला हव्यात, ८५ ते १५० च्या दरम्यान काहीही आलं तरी चालेल. शून्य आल्या तर? कित्येकांना वाटतं, वा, एकही आकडा परत आला नाही, उत्तम जनरेटर. उलट आहे. ज्या जनरेटरची अंतर्गत स्थिती ३२ बिटांचीच आहे आणि तीच तो बाहेर देतो, तो पूर्ण आवर्तन होईपर्यंत एकही आकडा परत देऊ शकत नाही. साधे लिनियर काँग्रुएन्शियल जनरेटर (मागच्या आकड्याला गुणून, काही मिळवून, भागून बाकी घेणारे) इथेच पकडले जातात. अति समान वाटप हाही दोषच आहे, म्हणूनच डायहार्डर ०.९९५ च्या वरच्या टोकालाही वीक म्हणतो.

याच हिशोबाची दुसरी बाजूही सांगतो, कारण 'आयडी परत आला' ही तक्रार दर थोड्या दिवसांनी येते. एक लाख ३२-बिट आयडी बनवले तर त्यांत किमान एक जोडी जुळण्याची शक्यता जवळपास ६९ टक्के आहे. हा जनरेटरचा दोष नाही, ३२ बिट कमी पडतात एवढंच. तसंच फाशाचं. ६०,००० वेळा फासा टाकला आणि एक बाजू १०,००० ऐवजी ९,९०० वेळा आली, तर काहीच बिघडलेलं नाही, इथे प्रमाण विचलन साधारण ९१ आहे. सहाही बाजू बरोबर दहा-दहा हजार आल्या तर मात्र कोड तपासा.

लिनियर काँग्रुएन्शियल जनरेटरची दुसरी खोड खालच्या बिटांत असते. मापांक (ज्याने भागून बाकी घेतात तो आकडा) २ चा घात असेल तर सर्वांत खालच्या बिटाचं आवर्तन जास्तीत जास्त २, त्याच्या वरच्याचं ४, मग ८. सम-विषम, सम-विषम असा आउटपुट आला की निदान झालं. जावाच्या जुन्या रँडम क्लासची स्थिती ४८ बिटांची आहे आणि तो वरचे ३२ बिट देतो ते याचसाठी. चाचणी संचांना हे पटकन दिसत नाही, कारण टेस्ट-यू०१ हा दुसरा नावाजलेला संच मुख्यतः वरचे बिट तपासतो. म्हणून प्रत्येक जनरेटर दोनदा चालवा: एकदा सरळ, एकदा बिट उलटे करून. ६४-बिट जनरेटरचे खालचे ३२ बिट वेगळे काढूनही चालवा. झोरोशिरो१२८ प्लस या जनरेटरच्या कर्त्यांनी त्याचे सर्वांत खालचे बिट कमकुवत आहेत हे स्वतःच सांगितलेलं आहे.

जोड्यांचा आलेख छान दिसतो म्हणून समाधान मानणाऱ्यांसाठी रँडूचं उदाहरण अजूनही सर्वोत्तम. १९६० च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर हा जनरेटर पसरला होता. मागच्या आकड्याला ६५५३९ ने गुणायचं आणि २ च्या ३१ व्या घाताने भागून बाकी घ्यायची, बस्स. ६५५३९ म्हणजे २ चा १६ वा घात अधिक ३, आणि त्यामुळे लागोपाठच्या तीन आकड्यांत कायमचं नातं बनतं: तिसरा म्हणजे दुसऱ्याची सहापट वजा पहिल्याची नऊपट, अर्थात त्याच मापांकाने बाकी घेऊन. दोन-दोन आकड्यांचे बिंदू मांडले तर काही दिसत नाही. तीन-तीन मांडले की सगळे बिंदू अवघ्या १५ समांतर प्रतलांवर बसतात. या जातीच्या जनरेटरांत अनेक मितींमध्ये अशी प्रतलं पडतातच, हे मार्सेग्लिया यांनी १९६८ मध्ये दाखवलं. नियंत्रण चाचणीसाठी 'बदनाम जनरेटर' हवा असेल तर रँडूच घ्या, दोन ओळींत लिहून होतो.

ग्लिब-सीच्या रँडची फटही आपल्याला स्वतः पाहता येते. मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक नवा आकडा म्हणजे तीन जागा आधीचा अधिक एकतीस जागा आधीचा, २ च्या ३१ व्या घाताने बाकी, कधी त्यात एकाची भर. दहा ओळींच्या कोडमध्ये पडताळून बघा. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की सिम्युलेशनसाठी रँड वापरायची इच्छा राहत नाही.

आता मर्सेन ट्विस्टर. मात्सुमोतो आणि निशिमुरा यांचा हा जनरेटर १९९८ चा. पायथनच्या रँडम मॉड्यूलमध्ये आणि आर भाषेत मूळ निवड म्हणून आजही तोच आहे. आवर्तन प्रचंड, २ चा १९९३७ वा घात वजा १. डायहार्डर त्याला आरामात पास करतो. पण माँट्रियल विद्यापीठातल्या पिएर लेक्युए आणि रिचर्ड सिमार यांच्या टेस्ट-यू०१ मधला बिगक्रश हा सर्वांत मोठा चाचणी-गट चालवला तर लिनियर कॉम्प्लेक्सिटीच्या दोन चाचण्यांत तो दर वेळी, कुठल्याही सीडला, पडतो. इथे वीक वगैरे प्रकार नसतो, पी-व्हॅल्यू सरळ टोकाला जाते. टेस्ट-यू०१ चा उंबरठाच वेगळा आहे: ०.००१ च्या खालचं संशयास्पद, आणि १० च्या उणे १० व्या घाताखालचं निःसंशय नापास. दर वेळी तीच चाचणी पडते आहे का, हा प्रश्न म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचा. चाचणी बदलत राहिली तर योगायोग, तीच राहिली तर दोष.

माझं मत विचाराल तर नवीन कामासाठी डायहार्डरवर थांबू नका. प्रॅक्ट-रँड हा संच घ्या. तो आकड्यांचं प्रमाण दुप्पट-दुप्पट करत जातो, त्यामुळे 'किती डेटानंतर पडला' हे नेमकं कळतं, आणि आपल्या सिम्युलेशनला किती आकडे लागतात त्याच्याशी ते ताडून बघता येतं. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेचा ८००-२२ संच वापरायचा असेल तर त्याचा पास होण्याचा नियम नीट लावा: ०.०१ या पातळीला १००० क्रमिका घेतल्या तर त्यांतल्या सुमारे ९८० पास झाल्या की पुरे. हजारच्या हजार पास व्हायला हव्यात ही अपेक्षाच चुकीची.

संच पास, पण प्रोग्रॅमचा निकाल तिरका

इथे जनरेटर सोडून त्याच्या वापराकडे बघा. बहुतेक गुन्हा तिथेच घडतो.

समजा १०,००० अर्जांतून सोडत काढायची आहे आणि कोड १५-बिट रँड घेऊन १०,००० ने भागून बाकी घेतो. आकडे आहेत ३२,७६८. तीन पूर्ण फेऱ्या होऊन २,७६८ उरतात. परिणाम: पहिल्या २,७६८ अर्जांना प्रत्येकी चार संधी, बाकीच्या ७,२३२ अर्जांना तीनच. रांगेत आधी असलेल्याला एक तृतीयांश जास्त संधी. घराची किंवा शाळाप्रवेशाची सोडत असेल तर हा सरळ अन्याय आहे, आणि जनरेटर कितीही चांगला बसवला तरी तो जात नाही. ३०,००० आणि त्यापुढचे आकडे फेकून देऊन नवा आकडा घ्यायचा, हा उपाय. त्याहून बरं म्हणजे लायब्ररीचं मर्यादित पूर्णांक देणारं फंक्शन वापरायचं. अर्थात लायब्ररीची आवृत्तीही बघा: आर भाषेतलं सँपल फंक्शन मोठ्या संख्यांना किंचित तिरकं वाटप करायचं, ते २०१९ च्या ३.६.० आवृत्तीत दुरुस्त झालं.

पत्ते पिसण्याचा कोडही तपासा. प्रत्येक पान कुठल्याही जागेच्या पानाशी बदलायचं, असा कोड सुचतो आणि चुकतो. तीन पानांना २७ सारख्या वाटा होतात आणि क्रम सहाच. २७ ला ६ ने भाग जात नाही, त्यामुळे तीन क्रम ५ वाटांनी येतात आणि तीन ४ वाटांनी. २७ लाख वेळा चालवा, पाच लाख आणि चार लाख असे दोन गट स्वच्छ दिसतील. फिशर-येट्स पद्धतीत फक्त न पिसलेल्या भागातूनच निवड होते, म्हणून ती बरोबर आहे.

मग सीड. जावाच्या रँडम क्लासला ०, १, २ असे लागोपाठ सीड द्या आणि प्रत्येकाकडून पहिला दशांश घ्या: ०.७३०९, ०.७३०८, ०.७३११. सगळे ०.७३ च्या आसपास! प्रत्येक ग्राहकाच्या क्रमांकावरून नवा जनरेटर बनवून त्याचा पहिलाच आकडा वापरणारा कोड म्हणूनच सगळ्यांना जवळजवळ एकच निकाल देतो. ही चूक नेहमीच्या चाचणीत कधीच सापडत नाही, कारण चाचणी एकाच सीडचा लांब प्रवाह बघते. ती शोधायची असेल तर प्रोग्रॅम जसा वापरतो तसेच आकडे काढा: सीड ० चा पहिला, सीड १ चा पहिला, सीड २ चा पहिला, असे रचून तो प्रवाह संचाला द्या.

समांतर चालणाऱ्या प्रक्रियांचंही तेच. लिनक्सवर फोर्क झालं (चालू प्रक्रियेची प्रत निघाली) की नमपाय या पायथन लायब्ररीची जागतिक जनरेटर-स्थिती जशीच्या तशी प्रत्येक मुलात, म्हणजे प्रतीत, जाते आणि आठही प्रक्रिया एकच उत्तर देतात. नमपाय १.१७ पासून प्रत्येक प्रक्रियेला वेगळा सीड देणारं सीड-सीक्वेन्सचं स्पॉन आहे, ते वापरा आणि प्रवाह एकाआड एक गुंफून तपासा.

शेवटी आपलं सिम्युलेशन हीच एक चाचणी असते, हे १९९२ मध्ये फेरनबर्ग, लँडाउ आणि वाँग यांनी ठळकपणे दाखवलं. चुंबकत्वाच्या द्विमितीय आयसिंग मॉडेलचं अचूक उत्तर गणिताने आधीच माहीत होतं. त्यावर वुल्फ ही सिम्युलेशनची पद्धत चालवली तेव्हा आर-२५० हा त्या काळी चांगला समजला जाणारा जनरेटर चुकीचं उत्तर देत होता. शक्य असेल तिथे उत्तर माहीत असलेला एक प्रश्न आपल्या कोडला घाला, आणि मग दोन अगदी वेगळ्या जातीच्या जनरेटरांनी, म्हणजे पीसीजी आणि मर्सेन ट्विस्टर असे, तेच काम करून उत्तरं जुळतात का बघा.

पासवर्ड, टोकन, की

इथे वरचं काहीही पुरेसं नाही. मर्सेन ट्विस्टरचे ६२४ आकडे मिळाले की पुढचे सगळे काढता येतात. डेबियन लिनक्समध्ये ओपन-एसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या एका बदलामुळे सीडसाठी जवळपास फक्त प्रक्रियेचा क्रमांक उरला होता, म्हणजे सुमारे ३२ हजार शक्यता. २००६ मध्ये शिरलेला हा दोष मे २००८ मध्ये उघड झाला. त्याचा आउटपुट कुठल्याही संचाला दिला असता तर पास झाला असता, कारण प्रत्येक प्रवाह दिसायला निर्दोषच होता. अशा ठिकाणी ऑपरेटिंग सिस्टीमचा जनरेटर किंवा भाषेतलं सिक्रेट्स, सिक्युअर-रँडम यांसारखं मॉड्यूल वापरा, आणि चाचणीऐवजी सीड कुठून येतो त्याचा कोड वाचा.

हे सगळं करूनही दोष लायब्ररीतच निघाला, तर बग नोंदवताना एवढं द्या: लायब्ररीची आणि कंपायलरची आवृत्ती, वापरलेले सीड, आकड्यातले कुठले बिट कुठल्या क्रमाने पाठवले, संच आणि चाचणीचं नाव, किती डेटानंतर पडली, वेगवेगळ्या सीडला पी-व्हॅल्यू काय आल्या, आणि त्याच वाटेने पाठवलेले सिस्टीमचे बाइट पास झाले का. शेवटची नोंद नसेल तर देखभाल करणारे सगळ्यात आधी तीच मागतील.